मूल कोणाचे? – घटस्फोट, मुलांचा ताबा आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



दहावीनंतर कोणकोणते अभ्यासक्रम आहेत, यावर मी बोलावे अशी संयोजकांची मूळ इच्छा होती. मी त्यांना विनंती करून विषय बदलून घेतला. अभ्यासक्रमांची माहिती देणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ज्या मुलाच्या घरात रोज ‘तू कोणाकडे राहणार’ हा प्रश्न विचारला जातो, त्याचे चित्त पुस्तकात कसे लागावे, यावर कोणी बोलत नाही. आज याच सभागृहात अशी काही मुले बसली असतील. त्यांच्याकडे पाहूनच मी बोलणार आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. गाव आणि नावे सांगत नाही, कारण ती माणसे आजही आपल्यात आहेत. प्रवरेच्या काठच्या एका गावी एका जोडप्याचा निवाडा करण्यासाठी दोन्हीकडची मंडळी जमली होती. मला मुलीच्या मामूंनी ‘फक्त कागद नीट लिहून द्या’ म्हणून नेले होते. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आधीच आणून ठेवलेला होता. लोखंडी कपाट एक, शिलाई मशीन एक, पितळी भांडी इतकी, मेहरची रक्कम इतकी, अशी यादी होत गेली. एका हंड्यावरून अर्धा तास वाद झाला. सर्व संपल्यावर कोणीतरी म्हणाले, “आणि पोरगं?” तेव्हा शेवटी एक ओळ घालण्यात आली : मुलगा आईकडे राहील, वडील त्याच्या खर्चाला जबाबदार नाहीत, आणि सात वर्षे पुरी होताच तो वडिलांच्या ताब्यात द्यावा. हंड्याला अर्धा तास आणि मुलाला दोन मिनिटे! तो पाच वर्षांचा मुलगा तेव्हा बाहेर कट्ट्यावर बसून चपलांचे जोड लावीत होता.

त्या ओळीत तीन गोष्टी होत्या आणि कायद्याच्या कसोटीवर त्यांतली एकही जशीच्या तशी टिकण्यासारखी नव्हती. त्या का टिकत नाहीत, एवढेच मला आज सांगायचे आहे. पण त्याआधी तलाकसंबंधी थोडे बोलावे लागेल.

आपल्याकडे अजूनही समज असा आहे की नवऱ्याने तोंडाने म्हटले की तलाक झाला. आपल्या जिल्ह्याचे खटले अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. याच खंडपीठात २ मे २००२ रोजी तिघा न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात निकाल दिला. पत्नी पोटगी मागायला न्यायालयात येते आणि नवरा कैफियतीत लिहितो की ‘मी तिला पूर्वीच तलाक दिला आहे.’ असे नुसते लिहिल्याने किंवा साक्षीत सांगितल्याने तलाक सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. तलाकला कारण हवे, दोन्ही पक्षांचे मध्यस्थ नेमून समेटाचा खरा प्रयत्न व्हायला हवा, आणि हे सर्व पुराव्याने शाबीत करायला हवे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले.

यात शरीअतच्या बाहेरचे काय आहे? कुरआन शरीफच्या सूरा निसामध्ये (आयत ३५) नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक मध्यस्थ नेमण्याची आज्ञा आहे. सूरा तलाकमध्ये दोन न्यायी साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे न्यायालयाने जे मागितले, ते आपल्या ग्रंथाने आधीच मागितले होते. आपण मात्र मध्यस्थ नेमतो ते तलाक होऊन गेल्यावर, आणि तेही हंडे मोजायला.

पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरविला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. मात्र तलाकचा प्रत्येक प्रकार गुन्हा झाला असा अर्थ कोणी काढू नये. एकदाच तलाक उच्चारून इद्दतचा काळ जाऊ देणे आणि त्या काळात परत घेण्याची वाट मोकळी ठेवणे, या तलाक-ए-अहसन पद्धतीला तो कायदा लागू होत नाही, असे औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये भुसावळच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आणि नवऱ्यावर व सासरच्या मंडळींवर दाखल झालेला गुन्हा रद्द केला. म्हणून रागाच्या भरात पोलीस ठाणे गाठण्यापूर्वी, आणि रागाच्या भरात तोंड उघडण्यापूर्वीही, दोन्ही पक्षांनी जाणकाराला विचारावे.

स्त्रीला स्वतःहून सुटका हवी असेल तर? तिला खुला मागता येतो, दोघांच्या संमतीने मुबारात करता येते. आणि नवरा ऐकतच नसेल तर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे खर्चपाणी न देणे, सात वर्षे किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेली असणे, क्रूरपणे वागविणे अशी कारणे त्यात नमूद आहेत. हा कायदा होऊन ऐंशीपेक्षा अधिक वर्षे लोटली. तरी माहेरी बसून ‘तो तलाक देत नाही हो’ म्हणत वर्षे काढणाऱ्या बहिणी मला आजही भेटतात.

आता पोटगी. १९८५ मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला, १९८६ मध्ये नवा कायदा झाला आणि ‘इद्दतनंतर काहीच मिळत नाही’ असे लोकांनी ठरवून टाकले. हे खरे नाही. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इद्दतच्या काळातच नवऱ्याने तिच्या पुढील आयुष्याची वाजवी आणि न्याय्य तरतूद केली पाहिजे. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १४४ या क्रमांकाने आले आहे. मेहर तर नवऱ्यावरचे कर्जच आहे. ते पोटगीहून वेगळे आहे. एक दिले म्हणून दुसरे फिटत नाही.

इतके सांगून मी त्या मुलाकडे येतो.

त्या कागदातली पहिली गोष्ट अशी होती की वडील मुलाच्या खर्चाला जबाबदार नाहीत, आणि खाली आईची सही. मी त्या मंडळींना विचारले, “ही सही मुलाने केली आहे काय?” लोक हसले. पण प्रश्न हसण्याचा नव्हता. मुलाच्या पालनपोषणाचा हक्क मुलाचा आहे. आई तो सोडून देऊ शकत नाही, कारण तो तिचा नाहीच. नूर सबा खातून खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९८६ च्या कायद्याने आईच्या हक्कांचे काहीही झाले असले तरी मुलांचा पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे. मूल अल्पवयीन असेपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत तिचे लग्न होईपर्यंत, ऐपत असलेल्या बापाची जबाबदारी संपत नाही. मूल आईजवळ राहते म्हणूनही ती संपत नाही. शरीअतमध्येसुद्धा मुलाचा खर्च बापावरच आहे. मग स्टॅम्प पेपरवर तो कोणाच्या अधिकाराने पुसला जातो?

दुसरी गोष्ट, ‘सात वर्षे पुरी होताच.’ हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत त्यांना सांभाळण्याचा, म्हणजे हिजानतचा, हक्क आईचा. कोकणातील आपले बांधव शाफई असल्याने त्यांच्यात मर्यादा वेगळ्या आहेत. बापाकडे असते ते विलायत, म्हणजे पालकत्व. मालमत्ता, शिक्षण, लग्न यांची काळजी त्यात येते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे आपल्या फकीहांनी फार पूर्वी ओळखले होते. आपण मात्र ‘सात वर्षे’ एवढेच लक्षात ठेवले. काही घरांत मुलाच्या सातव्या वाढदिवसाची वाट कर्जाच्या हप्त्यासारखी पाहिली जाते.

न्यायालय काय पाहते? आपल्यात ताब्याचा दावा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली चालतो. जेथे मूल नेहमी राहते तेथील न्यायालयात तो दाखल करावा लागतो. त्या कायद्याचे कलम १७ सांगते की निर्णय मुलाच्या व्यक्तिगत कायद्याशी सुसंगत असावा, परंतु तो मुलाच्या कल्याणासाठी असावा. मुलाचे वय, धर्म, सांभाळणाऱ्याचे चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक हे सर्व पाहिले जाते. आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते.

याचे अगदी जवळचे उदाहरण सांगतो. लातूर जिल्ह्यातील निलंगा येथील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये एका मुस्लिम मुलाचा ताबा वडिलांकडे देण्याचा आदेश दिला होता. आई औरंगाबाद खंडपीठात अपिलात गेली. जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती शैलेश ब्रह्मे यांनी तो आदेश रद्द केला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. म्हणजे व्यक्तिगत कायद्याच्या हिशेबाने सातची मर्यादा ओलांडून दोन वर्षे झाली होती. न्यायमूर्ती स्वतः मुलाशी बोलले. त्याची ओढ आईकडे आहे हे त्यांना दिसले. व्यक्तिगत कायदा एकीकडे आणि मुलाचे सुख व कल्याण दुसरीकडे अशी वेळ आली, तर पारडे मुलाच्या कल्याणाचे जड राहील, असे त्यांनी ठरविले. वडिलांचे भेटीचे मार्ग न्यायालय बंद करीत नसते. आपल्याकडील ‘हरला तो कायमचा तुटला’ ही कल्पना चुकीची आहे.

पण हा निकाल ऐकून आयांनी ‘आता मूल आमचेच’ असा समज करून घेऊ नये. २०१० साली अथर हुसेन खटल्यात आई वारली होती, मुले आजोळी होती आणि बापाने दुसरे लग्न केले होते. बाप पालक राहू शकतो, तरी ताबा कोणाकडे असावा हा वेगळा प्रश्न आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा हंगामी ताबा आजोळीच ठेवला. उलट आई मुलाकडे लक्ष देत नसेल, तर ताबा बापाकडे किंवा दादीकडेही जाऊ शकतो. आईने दुसरा निकाह केला तर तिचा हक्क गेलाच, असेही आता डोळे मिटून ठरत नाही. मुलाचे तेथे काय होईल, हे पाहिले जाते. न्यायालय आई आणि बाप यांच्यात बक्षीस वाटायला बसलेले नसते. मुलाचे जेवण, झोप, शाळा आणि मन कोठे ठिकाणावर राहील, एवढेच ते विचारते. म्हणून ताब्याचा हुकूमही कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलता येतो.

तिसरी गोष्ट, हा निवाडा करणारी आमची बैठक. जमातीने भांडण मिटवू नये असे मी म्हणत नाही. घरातली गोष्ट घरातल्या शहाण्या माणसांनी मिटविली तर त्याहून चांगले काय? पण समेट घडविणे वेगळे आणि हुकूम सोडणे वेगळे. २०१४ मध्ये विश्वलोचन मदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दारुल कझाच्या निर्णयाला किंवा फतव्याला कायद्याचे बंधन नाही. तो मानणे न मानणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. तेव्हा बुजुर्गांना माझी हात जोडून विनंती आहे की बैठकीत मुलाचा विषय शेवटी नको, पहिला घ्या. फी कोण भरणार, आजारपणात कोण धावणार, ईदला मूल कोठे राहील, सुट्टीत कोठे जाईल, हे आधी ठरवा. मग खुशाल हंडा मोजा. आणि ठरलेले न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूम घ्या, म्हणजे उद्या कोणाला फिरता येणार नाही.

वडिलांना दोन शब्द. मूल रागाने उचलून दुसऱ्या तालुक्यात नेऊन ठेवल्याने ताबा मिळत नाही. उलट न्यायालयापुढे तुमचीच बाजू पडते. पोटगी दिली नाही तर वॉरंट निघते आणि कैदही होऊ शकते. भेट नाकारली म्हणून खर्च बंद करू नका. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो, तो करा. आयांनाही दोन शब्द. मुलाला बापाविरुद्ध पढवू नका. दहा वर्षांचे पोर पाठ केल्यासारखे बोलू लागले की न्यायाधीशांना ते लगेच कळते, आणि त्या पोराला ते जन्मभर सलते. सूरा बकरामध्ये (आयत २३३) मुलाच्या कारणाने आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे दोघांविषयी एकत्र सांगितले आहे. वडीलधाऱ्यांनी भांडणात आपल्या सोयीचा अर्धाच भाग सांगू नये.

शिक्षकांनाही एक विनंती. आई-बापाचे भांडण पुष्कळदा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तुमच्या दारात येते. मुख्याध्यापकांनी न्यायाधीश होऊ नये. न्यायालयाचा हुकूम असेल तर तो पाहून त्याप्रमाणे वागावे. पण हेही ध्यानात असू द्या की हजेरीपत्रक, प्रगतिपुस्तकावरची सही, पालकसभेला कोण येत होते याची नोंद, या साध्या गोष्टी न्यायालयात फार बोलक्या ठरतात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, निकाहनाम्याची प्रत दोन्ही घरांत असावी. त्यात मेहरची रक्कम आणि काही अटी असतील तर त्या स्पष्ट लिहाव्यात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींनी सही करण्यापूर्वी तो कागद वाचावा. दुसरी, मुलाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचे कार्ड, शाळेच्या आणि औषधाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. तिसरी, पोटगीचा अर्ज लांबवू नये. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी आणि दोघांनीही आपल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे. अर्जच नसेल तर तारीख कोठून आणणार? चौथी, ‘वकिलाला पैसे नाहीत’ म्हणून कोणी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याची जागा, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना सांगतो : आई-वडिलांचे पटले नाही, यात तुमचा काही दोष नाही. न्यायाधीशांनी विचारले तर खरे ते सांगा. कोणाला वाईट वाटेल म्हणून खोटे सांगू नका. आणि कोणा एकावर प्रेम करण्यासाठी दुसऱ्याचा द्वेष करावा लागत नाही.

त्या गावातल्या कागदाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. त्या दिवशी मी तो लिहिला नाही. मामू माझ्यावर रागावले. वकील फाटे फोडतो, असेही कोणी म्हणाले. पण मुलाच्या वालिदनाच मी बाजूला घेऊन विचारले, “तुमचा मुलगा कोणत्या वर्गात आहे?” त्यांना सांगता आले नाही. मग आईला विचारले, “त्याला अब्बांची आठवण येते का?” ती गप्प राहिली. त्यानंतर दोघे पहिल्यांदाच मुलाविषयी बोलले. घटस्फोट टळला नाही. मात्र न्यायालयात संमतीने हुकूम झाला. मुलगा आईकडे राहिला, खर्च दरमहा वडिलांकडून ठरला, आणि दर रविवारी व ईदच्या दुसऱ्या दिवशी भेट ठरली. सातव्या वाढदिवसाची अट कागदातून गेली.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जावर पालकांच्या सहीची जागा होती. दोघांच्याही सह्या घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, इथं एकच सही लागते म्हणतात. कोणाची ठेवू?” मी म्हटले, “दोन्ही राहू दे.”

अल्लाह तआला आपल्या सर्वांना न्यायाने वागण्याची तौफिक देवो. आमीन.